गाडी उलटी फिरली, तरी प्लसचं मायनस का होत नाही?

गेल्या आठवड्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकाला डायनामो लावा, बॅटरी चालता चालता भरेल! वर पुरावा काय, तर 'जुन्या रेल्वेच्या डब्यातले दिवे नाही का चाकावर लागत?'

लागतात की. पण ती वीज फुकट नसते, तेवढा कोळसा इंजिनात जास्त जळतो. स्कूटरला पुढून ओढणारं इंजिनच नाही, तिच्याच बॅटरीने तिलाच भरायचं. सायकलचा डायनामो टायरला टेकवला की पेडल जड व्हायचं, हे आपल्या मांड्यांना तेव्हाच कळलं होतं. (ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते, ती गोष्ट वेगळी.)

आता मूळ डायनामोकडे येतो, कारण खरी मजा तिथं आहे. माझा भाचा वेल्समध्ये असतो आणि दर शनिवारी एका जुन्या वाफेच्या रेल्वेत बिनपगारी वायरमनकी करतो. बंद पडू घातलेली रेल्वे हौशी लोकांनी चालवायला घ्यायची, हा प्रकार जगात पहिल्यांदा १९५१ साली वेल्समधल्याच टॅलिथ्लिन रेल्वेवर झाला. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळल्या, म्हणून त्याच्या शंका माझ्याकडे येतात. परवाची शंका अशी: "मामा, जाताना डायनामोचा करंट मोजणारा अँमीटर वीस दाखवतो, येताना शून्य. आर्मेचर (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळलंय का?"

डब्याच्या आसावरून, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरून, पट्टा डायनामोवर येतो. गाडीचा वेग चौपट झाला तर व्होल्टेजही चौपट व्हायला हवं, म्हणजे चोवीस व्होल्टचे दिवे फटाफट उडायला हवेत. यावर १८९०च्या दशकात इंग्लंडच्या जे. स्टोन कंपनीने काढलेला तोडगा मला आजही वेड लावतो. डायनामो घट्ट न बसवता त्यांनी तो झोक्यासारखा टांगला. वेग वाढला, करंट वाढला, की पट्ट्याची ओढ डायनामोलाच आसाकडे खेचते. पट्टा सैल पडतो आणि घसरतो. आस कितीही जोरात फिरो, डायनामो ठरलेल्या गतीच्या पुढं जात नाही. ना इलेक्ट्रॉनिक्स, ना सर्किट. पट्टा तापतो, तेवढीच नासाडी.

गाडी उलटी निघाली की दुसरी अडचण. आपल्या कोल्हापुरात १८९१ साली रेल्वे आली तेव्हापासून हे शेवटचं स्टेशन, आलेला डबा उलट्या तोंडानंच परत जातो. आर्मेचर उलटं फिरलं की व्होल्टेजही उलटतं. म्हणून अशा डायनामोत वीज बाहेर घेणारे कार्बन ब्रश एका फिरत्या कड्यावर, रॉकरवर, बसवलेले असतात. कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याचा भाग, ज्याला ब्रश टेकतात) उलटा फिरू लागला की घर्षणानं तो ब्रशसकट रॉकरला ओढत नेतो आणि ठोकळ्यावर नेऊन थांबवतो. चार पोलच्या (चुंबकाच्या चार टोकांच्या) यंत्रात ही सरक बरोबर ९० अंशांची, म्हणजे उत्तर पोलखालचा ब्रश दक्षिण पोलखाली. एकदा उलटलेलं पुन्हा उलटलं, की सुलट!

रॉकर अडकला तर? पोलच्या लोखंडात मुरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर डायनामो सुरू होतो. ब्रश जुन्याच जागी राहिले तर फील्ड कॉइलमधला (पोलवरच्या गुंडाळीतला) पहिला इवलासा करंट त्या चुंबकत्वालाच मारतो. व्होल्टेज चढतच नाही. डायनामो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच, कटआउट, जोडलाच जात नाही, अँमीटर शून्यावर, आणि आर्मेचर मात्र ठणठणीत.

तिथल्या कुणीतरी गमतीनं बॅटरीच्या पेटीवर घोड्याचा नाल ठोकलाय म्हणे. आपल्याकडे खंडेनवमीला लिंबू-मिरची बांधतात. नाल निदान कोरडा असतो, लिंबाचा रस टर्मिनलवर टपकला तर तांब्यावर हिरवा गंज चढतो.

मी भाच्याला सांगितलं, रिवाइंडिंगचा खर्च करू नको, कव्हर काढ आणि रॉकर हातानं फिरवून बघ. फिरेना. आत जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालं होतं. त्यानं रॉकेलनं धुतलं, हलकं तेल दिलं, ब्रशची कार्बन भुकटी पुसली. रात्री त्याचा चार सेकंदांचा ऑडिओ आला. टक्. मग उलट्या बाजूला, टक्.