सहावी पातळी म्हणजे शोधनिबंधाचा परवाना नव्हे

चिनी शिकणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो: एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाण परीक्षेची सहावी पातळी पास झाली, ५,००० शब्द आले, की चिनीत शोधनिबंध लिहिता येतो. हे खरं नाही, आणि यावर विसंबून मुलं प्रबंधाच्या वेळी अडतात, म्हणून हा खुलासा.

त्या परीक्षेच्या लेखन विभागात काय असतं? साधारण १,००० अक्षरांची गोष्ट १० मिनिटं वाचायची आणि ३५ मिनिटांत सुमारे ४०० अक्षरांत तिचा सारांश लिहायचा. स्वतःचं मत घालायला तर मनाईच! शोधनिबंधात नेमकं उलटं, मत मांडून ते सिद्ध करायचं असतं.

शिवाय भाषाही वेगळी. बोलताना 'वो' म्हणजे 'मी'; निबंधात त्या जागी बहुधा 'बन-वन', म्हणजे 'हा लेख' येतो, आपल्या 'प्रस्तुत निबंधात'सारखा. बोलण्यातला, कर्माला क्रियापदाच्या आधी आणणारा 'बा' तिथे 'जिआंग' होतो, 'आणि'साठीचा 'ह' जाऊन 'यू' येतो. या खुणा अभिजात चिनीतून आल्या आहेत. त्या आपल्या विषयाचे निबंध वाचून, उतरवून काढूनच हाताला बसतात.

आणि सहावी आता शेवटची पायरीही नाही: चिनी भाषेच्या २०२१च्या नव्या मानकांत तिच्या वर सातवी ते नववी पातळी जोडली गेली, एकूण शब्द ११,०९२ झाले.