टाकी मोठी केल्यानं निपलचं प्रेशर वाढत नाही

सोलापूर भागात पोल्ट्रीच्या शेडवर हमखास ऐकू येणारं वाक्य : "पिल्लांना पाणी कमी पडतंय, पाचशेची टाकी काढून हजारची बसवू." हजारची टाकी जास्त वेळ पुरेल, एवढंच. साठलेल्या पाण्याचा दाब ठरतो तो पाण्याची पातळी निपलच्या (पाइपवरच्या ज्या छोट्या तोटीला चोच मारून पिल्लं पाणी पितात तिच्या) किती वर आहे यावरून.

पाणी दुप्पट, वजन दुप्पट, मग दाब दुप्पट का नाही? कारण टाकी रुंद असली तरी पाइपच्या तोंडावर त्या तोंडाएवढ्याच जाडीचा पाण्याचा खांब उभा असतो. बाकीचं पाणी टाकीचा तळ पेलतो. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिननं हे १५८६ सालीच मांडलं होतं. १ सेंमी उंचीचं पाणी दर चौरस सेंमीवर १ ग्रॅम भार टाकतं, हा हिशेब पाठच करून ठेवावा.

आता टाकीतलं पाणी निपलच्या २ मीटर वर आहे असं धरू. म्हणजे दर चौरस सेंमीवर २०० ग्रॅम. निपलच्या आतली पिन ज्या भोकावर बसते ते ३ मिमी व्यासाचं असेल, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंमी. पिनेवर भार आला १४ ग्रॅम. आणि एक दिवसाच्या पिल्लाचं अख्खं वजन ४० ग्रॅमच्या आसपास! चोच मारूनही पिन हलत नाही, हलली तर पाणी उडून खालचं तूस भिजतं आणि शेडमध्ये अमोनियाचा वास सुटतो. म्हणजे 'पाणी येत नाही' या तक्रारीचं कारण कधी कधी जास्त झालेला दाबच असतो. उंची १५ सेंमीवर आणली की भार जेमतेम १ ग्रॅम उरतो. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीच्या नियमानुसार भोकातून येणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून उंची चौथाई केली तरी वेग निम्माच होतो. धार एकदम आटत नाही.

पाइपला चुंबक बांधून 'चार्ज केलेलं' पाणी विकणारेही भेटतात. चुंबकानं दाब रतीभरही बदलत नाही. त्या पैशात निपलच्या पाइपलाइनच्या सुरुवातीला दाब कमी करणारा रेग्युलेटर किंवा फ्लोटवाली छोटी टाकी बसवा आणि पिल्लं वाढतील तशी पातळी चढवत न्या.

लाइनच्या शेवटी असलेल्या उभ्या पारदर्शक नळीत पाणी किती सेंमी चढलंय ते रोज बघा. सुरुवातीला १५ आणि शेवटी काहीच नाही, असं दिसलं तर पाइप मध्ये कुठेतरी उचललेला असून तिथे हवा अडकलेली असू शकते. पाइप सरळ करा, शेवटचा कॉक उघडून हवा काढा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाइपमधलं तापलेलं पाणीही त्याच कॉकनं दुपारी सोडून द्यावं लागतं.