मुंबई–दुबई हवाई अंतर व उड्डाणकाळ

उत्तर कोकणातील मुंबई आणि संयुक्त अरब अमिरातीतील दुबई या शहरांच्या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किमी (साधारण १,०४० सागरी मैल) आहे. वाटेतला बहुतेक भाग अरबी समुद्राचा. शेवटी ओमानचा किनारा व डोंगर ओलांडून विमान दुबईत उतरते. मस्कत त्याहून जवळ, सुमारे १,५९० किमीवर आहे.

वेळापत्रकात जाण्याचा वेळ सव्वातीन तासांच्या आसपास असतो, तर येण्याचा पावणेतीन ते तीन तास. विमान फलाटावरून हलल्यापासून समोरच्या फलाटाला लागेपर्यंतचा हा हिशेब असल्याने प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी भरतो.

जाण्यायेण्यातला हा फरक वाऱ्यामुळे पडतो. हिवाळ्यात दहाबारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. दुबईकडे जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. गंमत अशी, की त्याच ऋतूत समुद्राच्या पृष्ठभागावरचे वारे ईशान्येचे असतात आणि शिडाच्या गलबतांना अरबस्तानाकडे नेणारे होते तेच. दाभोळ बंदरातून होर्मुझ, एडनकडे चालणारा व्यापार या वाऱ्यांच्या भरवशावर होता. परतायचे ते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर. म्हणजे गलबताला साथ देणारा ऋतू विमानाला आडवा येतो. पावसाळ्यात वरचे पश्चिमी वारे उत्तरेला सरकतात आणि फरक बराच कमी होतो.

तिकिटावरचे आकडे मात्र वेगळाच घोळ घालतात. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे. पहाटे ४.२० ला मुंबईहून सुटलेले विमान सव्वातीन तासांनी तिथल्या ६.०५ ला पोचते, म्हणजे कागदावर पावणेदोन तास. तिथून रात्री १० ला निघालेले पावणेतीन तासांत आले, तरी इथे २.१५ वाजलेले असतात, कागदावर सव्वाचार. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या घरी यावरून हमखास वाद होतो. फोन कधी येणार याची वाट बघणारी आई इथल्या घड्याळाकडे बघत असते, आणि मुलाने सांगितलेली वेळ तिथली असते.

खेड, दापोली, मंडणगड, राजापूर या भागांतील अनेक घरांतली माणसे आखातात नोकरीला आहेत. त्यांच्या लेखी विमानाचे तीन तास ही प्रवासाची सोपी बाजू. रत्नागिरीहून मुंबई रस्त्याने सव्वातीनशे किमीहून अधिक. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरची परिस्थिती पाहता सात-आठ तास धरावेच लागतात, आणि विमानतळावर तीन तास आधी पोचायचे ते वेगळेच. १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेने हा ताण हलका केला, तरी सामान असले की गाडीच ठरवली जाते. एप्रिल-मेमध्ये मागच्या सीटवर हापूसची पेटी असते आणि वजनाच्या काट्यावर जाईपर्यंत तिच्यातले किती आंबे काढावे लागतील, याची चर्चा पनवेलपर्यंत पुरते. जानेवारी २०२३ पासून सुरू असलेला गोव्यातील मोपा विमानतळ सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतो.