वाफेच्या रेल्वे एंजिनाची देखभालसुलभ रचना

एंजिनाचे भाग लोको शेडमध्ये (एंजिने ठेवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या जागी) कमी वेळात तपासता, साफ करता व बदलता यावेत आणि त्यांना तेल देणे सोपे जावे, यासाठी मूळ आराखड्यातच केलेली योजना. कोळशाच्या खपाबरोबर शेडमधील खोळंब्याचाही हिशेब धरण्याची दृष्टी साधारणपणे पहिल्या महायुद्धानंतर बळावली. दुसऱ्या महायुद्धानंतर कुशल कामगारांची चणचण भासू लागली आणि ब्रिटनमध्ये या दृष्टीला अग्रस्थान मिळाले.

या रचनेचा गाभा म्हणजे झडपयंत्रणेची, म्हणजे सिलिंडरांत वाफ सोडणाऱ्या व बाहेर काढणाऱ्या झडपा हलवणाऱ्या दांड्यांच्या जोडणीची, जागा. 1842 च्या सुमारास न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात तयार झालेली यंत्रणा ब्रिटनमध्ये बहुधा चौकटीच्या आत असे. ती चालकचाकांच्या आसावरील विकेंद्री चकत्यांवरून गती घेई. त्यामुळे फिटरला खड्ड्यात उतरून, डोक्यावरच्या तेलकट दांड्यांमध्ये हात घालून काम करावे लागे. वालशार्ट्स यंत्रणा बाहेरील क्रँक व क्रॉसहेड (दट्ट्याचा दांडा आणि जोडदांडा यांना जोडणारा सरकता ठोकळा) यांवरून गती घेत असल्याने चाकांच्या बाहेर बसवता येते आणि जमिनीवर उभे राहून तपासता येते.

या यंत्रणेच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. बेल्जियन सरकारी रेल्वेच्या ब्रसेल्स येथील कार्यशाळेतील कारागीर-प्रमुख एगिड वालशार्ट्स यांची ही कल्पना 1844 मध्ये फिशर नावाच्या अभियंत्याच्या नावे पेटंट झाली. कार्यशाळेतील प्रमुखाला स्वतःच्या लाभासाठी पेटंट घेण्यास नियमाने मज्जाव असावा, असे याचे कारण सामान्यतः दिले जाते. फिशर यांनी शोधावर हक्क सांगितल्याचे दिसत नाही. जर्मनीत एडमुंड हॉइसिंगर फॉन वाल्डेग यांनी 1849 मध्ये जवळजवळ तशीच यंत्रणा स्वतंत्रपणे मांडली व तेथे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 1844 चे पेटंट आणि पुढे रूढ झालेले रूप यांत फरक आहे हा जर्मन पक्षाचा आक्षेप खरा आहे. तथापि वालशार्ट्स यांनी सुधारलेली रचना 1848 मध्ये प्रत्यक्ष एंजिनावर बसवली होती. त्यामुळे अग्रमान त्यांच्याकडे आणि हॉइसिंगर यांच्याकडे स्वतंत्र शोधाचे श्रेय, अशी विभागणी अधिक न्याय्य ठरते. अमेरिकेत ही यंत्रणा 1870 च्या दशकात पोहोचली असली तरी तिचा मोठा प्रसार 1904 नंतरचा आहे.

इंग्लंडमध्ये अभियंते ऑलिव्हर बुलेड यांनी 1941 च्या मर्चंट नेव्ही या एंजिनांच्या वर्गात उलट वाट धरली. साखळीने चालणारी झडपयंत्रणा त्यांनी तेल भरलेल्या बंद पेटीत ठेवली, म्हणजे तिला रोज हात लावण्याची गरजच उरू नये. साखळ्या ताणल्याने झडपांची वेळ बिघडे, तेल गळे आणि बॉयलरभोवतीच्या उष्णतारोधक आवरणात मुरून कधी पेट घेई. कल्पना धाडसी होती, पण दोष दिसेल अशा जागी भाग ठेवणे हेच शेडच्या परिस्थितीला मानवणारे होते. या वर्गातील सर्व 30 एंजिने 1956 ते 1959 दरम्यान बाहेरील वालशार्ट्स यंत्रणेसह पुन्हा बांधली गेली.

ब्रिटिश रेल्वेच्या 1951 पासूनच्या प्रमाणित वर्गांत (12 आराखडे, 999 एंजिने) अभियंते आर. ए. रिडल्स यांनी बहुतेक ठिकाणी दोनच बाह्य सिलिंडर, चाके व यंत्रणा उघडी राहतील असे उंच पदपथ, तरफेने हलवून राख पाडण्याची शेगडी व नरसाळ्यासारखी राखपेटी ही योजना स्वीकारली. स्मोकबॉक्समधील (बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या धूरपेटीतील) जाळ्यांमुळे अर्धवट जळालेले कण बारीक होऊन धुराड्यावाटे निघून जात, त्यामुळे फावड्याने उपसण्याचे काम वाचे. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने रोलर बेअरिंग, एकसंध ओतीव पोलादी चौकट व यांत्रिक वंगण यांच्या जोडीला शेडचीही नव्याने आखणी केली.

बॉयलरच्या बाबतीत क्षारांचे थर हा मोठा प्रश्न असतो. ते धुऊन काढण्यासाठी फायरबॉक्सच्या (कोळसा जळण्याच्या पेटीच्या) कोपऱ्यांत व इतरत्र काढता येण्याजोगी बुचे ठेवतात. फायरबॉक्सच्या दुहेरी भिंती जोडणाऱ्या आधारदांड्यांना बाहेरच्या टोकापासून बारीक भोक पाडतात. दांडी तुटली की त्यातून वाफ येते व दोष उघड होतो. फ्रान्समध्ये लुई आर्मां यांच्या जलशुद्धीकरण पद्धतीने क्षारांचा त्रास बराच कमी केला.

भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश मानक समितीने ठरवलेल्या वर्गांमुळे सुट्या भागांची अदलाबदल सुलभ झाली. 1947 मध्ये आलेला प्रवासी गाड्यांचा डब्ल्यूपी व 1950 पासूनचा मालवाहू डब्ल्यूजी या वर्गांत बाह्य सिलिंडर व वालशार्ट्स यंत्रणा होती, शिवाय बॉयलरसह अनेक भाग समान होते. डब्ल्यूजीचे उत्पादन पुढे चित्तरंजन येथे झाले. त्या कारखान्यात वाफेच्या एंजिनांची बांधणी 1972 मध्ये थांबली.