वाढणारा हात, सही करणारा हात
जमिनीच्या वादात कवी बाकीबाब बोरकरांचे नाव निघण्याचे तसे कारण नाही. पण गोव्यात डोंगरकापणीचा फोटो मोबाइलवर फिरू लागला की त्याखाली कोणीतरी ‘खोल आरक्त घाव’ लिहितोच. सरकारी समारंभात मात्र त्याच ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’मधले मधाचे नारळ आणि दुधाचे घट ऐकू येतात. कविता एकच, व्यासपीठावरचे कडवे वेगळे आणि खुर्च्यांवर बसलेल्यांचे वेगळे.

बोरकर बोरीचे, जन्म १९१०चा. गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, त्यामुळे तो घाव परक्या सत्तेचा म्हणून वाचला गेला. आज नेत्यांना तोलायला लोक हीच कविता काढतात. माझ्या मते त्यासाठी घावापेक्षा भाताचे कडवे जास्त कामाचे आहे: साळीचा भात आईच्या मायेने वाढणारा सोनकेवड्याचा हात.

तसा हात सत्तेत एकदा दिसला होता. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक, तरी त्यांच्या कारकिर्दीत १९६४चा कूळ कायदा आला. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५ला मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारा मुंडकार कायदा झाला आणि कूळ कायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. कुळाची जमीन शेतीशिवाय वापरायला १९९१च्या कायद्याने मनाई आली. (पुढे काही कुळांनीच शेते विकली, हेही सांगायला हवे. सगळे पाप पणजीच्या माथी मारता येणार नाही.)

मग हात बदलला. २०११पर्यंतचा जमीनवापर ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ने डोंगर-शेते बांधकामाला खुली केली, तेव्हा २००६च्या अखेरीस गोवा बचाव अभियान ही नागरिकांची चळवळ उभी राहिली आणि प्रतापसिंह राणे सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. खाणींचा घाव तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१२ला उत्खनन थांबले.

आताचे सारे भांडण नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२)चे. २०२३ला घातलेले हे कलम दिसायला साधे: प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीने राहिलेली चूक सुधारायची. म्हणजे तुमचा भूखंड चुकून शेती किंवा बाग म्हणून दाखवला गेला असेल, तर अर्ज करा, झोन बदलून मिळेल. संपूर्ण आराखडा पुन्हा करायचा नाही, सर्व्हे क्रमांकाप्रमाणे सही. इतक्या नजरचुका एकाच आराखड्यात कशा झाल्या, हा प्रश्न गावोगाव विचारला गेला. मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. तोवर त्याच कायद्यात २०२४चे कलम ३९अ आलेले होते, तेही झोन बदलाचेच. सरकारची बाजू अशी की शेतजमीन शेतकऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून २०२३ला वेगळा कायदा आहेच. तो आहे, खरे. पण एका हाताने झाकायचे आणि दुसऱ्याने उघडायचे, असे ते दिसते.

जूनमध्ये कापलेल्या डोंगराखाली उभे राहून पाहावे. उघड्या मातीवरून तांबडे पाणी रस्ता ओलांडते, बांधावरून शेतात उतरते आणि खाचरात गाळ बसतो. मग तिथे साळ लावणे अवघड होते. हळूहळू ती जमीन पडीक दिसू लागते, आणि पडीक जमिनीचा झोन बदलायला कोणाची हरकत?