खाट, हवा, दूध की गोळ्या?

घरात कुणाला टीबी निघाला की त्याची ताट-वाटी वेगळी होते. खरं तर फुप्फुसाचा टीबी भांड्यांतून पसरत नाही. रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा उडालेल्या अतिसूक्ष्म थेंबांतून तो हवेवाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतो. हे आपण शाळेत शिकलेलो असतो, तरीही ताट वेगळं होतंच. या भीतीची रीतसर परीक्षा सत्तरेक वर्षांपूर्वी मद्रासमध्ये झाली होती.

1952 साली आयसोनियाझिड हे स्वस्त आणि जोरदार औषध हाती आलं. तरी क्षयाचा खरा उपचार म्हणजे सॅनेटोरियम, अशीच जगभरची समजूत होती: मोकळी हवा, खाटेवर सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. भारतात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा काही हजार. म्हणून 1956 मध्ये मद्रास सरकार, आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून एक केंद्र काढलं. ब्रिटनहून आलेले डॉ. वॉलेस फॉक्स तिथल्या कामाचे सूत्रधार. एकशे त्र्याण्णव गरीब रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, वाटणी झाली. काही सॅनेटोरियममध्ये गेले, काही आपापल्या दाटीवाटीच्या घरी राहिले. औषधं दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि 'पास' (पीएएस) हे टीबीचं दुसरं औषध, वर्षभर. घरचा रुग्ण गोळ्या खरंच गिळतो का, हे पाहायला माणसं न सांगता दारात उभी राहत आणि लघवीचा नमुना मागत. पासचा अंश असला की रसायन घालताच नमुन्याचा रंग बदले.

वर्षाअखेरीस सॅनेटोरियममधल्या 92 टक्के रुग्णांचा रोग शमला होता, घरच्यांपैकी 86 टक्के जणांचा. घरच्यांचं जेवण निकृष्ट होतं आणि कामधंद्याची दगदगही जास्त होती, तरी फरक एवढाच. 1959 मध्ये हे छापून आलं आणि सॅनेटोरियमचा पायाच हलला.

असं का झालं, याचं उत्तर हवेत किंवा दुधात नाही, साध्या गुणाकारात आहे, आणि मला हा गुणाकार फार आवडतो. फुप्फुसात रोगाने पोखरलेली एक पोकळी असेल तर तिच्यात दहा कोटी जंतू सहज असतात. विभाजन होताना क्वचित एखाद्या जंतूच्या जनुकात चूक होते आणि तो योगायोगाने एखाद्या औषधाला दाद देईनासा होतो. आयसोनियाझिडच्या बाबतीत असा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक. म्हणजे पहिली गोळी घेण्याआधीच पोकळीत शंभरेक बंडखोर तयार असतात. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, रुग्णाला बरं वाटतं आणि मोकळ्या रानात हे शंभर वाढत जातात. 1948 च्या ब्रिटिश चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन एकटंच दिलं, तेव्हा बहुतेक रुग्णांत हेच घडलं.

आता दुसरं औषध जोडा. आजचं रिफॅम्पिसिन घेतलं तर त्याला न जुमानणारा जंतू दहा कोटींत एक. दोन्ही चुका एकाच जंतूत होण्याची शक्यता म्हणजे दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार: एकावर चौदा शून्यं एवढ्या जंतूंत एक. इतके जंतू एका माणसाच्या फुप्फुसात नसतातच. म्हणून टीबीला एकटं औषध कधी द्यायचं नाही.

मग महिन्याभरात खोकला थांबला तरी गोळ्या सहा महिने का? आयसोनियाझिड जंतूची भिंत बांधू देत नाही, म्हणून ते वाढणाऱ्या जंतूंना पटापट मारतं. झोपलेला जंतू भिंत बांधतच नाही, मग त्याचं काय बिघडणार! तो अधूनमधून जागा होतो तेव्हाच त्याला गाठावं लागतं, आणि रिफॅम्पिसिन त्यात पटाईत आहे. 1970 च्या दशकात केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया या देशांतल्या चाचण्यांनी उपचार सहा महिन्यांवर आणला. त्यातही ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल होतीच.

'प्रतिकारशक्ती वाढवून टीबी मुळासकट घालवा' म्हणणाऱ्या चूर्णवाल्यांना या गुणाकारात जागा नाही. पण म्हणून आहार फालतू ठरत नाही. झारखंडमधल्या 2023 च्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. अन्न रोग होऊ नये म्हणून कामाला येतं. झालेल्या रोगाचे जंतू मारायला औषधंच लागतात.

आणि ते ताट? मद्रासच्या डॉक्टरांनी दोन्ही गटांच्या घरच्या माणसांवर पाच वर्षं नजर ठेवली. रुग्णाबरोबर एका छपराखाली राहिलेल्यांना, रुग्ण सॅनेटोरियममध्ये गेलेल्या घरांपेक्षा जास्त टीबी झाला नाही. औषध सुरू झालं की बेडक्यातले जंतू झपाट्याने घटतात. लागण व्हायची ती मुख्यतः त्याआधीच्या आठवड्यांत होऊन गेलेली असते, जेव्हा 'साधा खोकला आहे' म्हणत सगळे एकाच खोलीत झोपत असतात.