लास्को पाहिलं म्हणजे नक्की काय पाहिलं?

‘लास्कोला जाऊन सतरा हजार वर्षांपूर्वीची चित्रं प्रत्यक्ष पाहिली,’ असं वाक्य दर उन्हाळी सुट्टीनंतर वाचायला मिळतं, आणि दर वेळी मला राहवत नाही. प्रत्यक्ष नाही पाहिली. लास्को ही नैर्ऋत्य फ्रान्समधली हिमयुगातल्या चित्रांची गुहा; मूळ गुहा बंद आहे आणि लोक पाहतात ती तिची प्रतिकृती. अजिंठ्याला आपण मूळ लेण्यातच शिरतो, म्हणून इथेही तसंच असणार असं आपण धरून चालतो.



लास्कोची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १२ सप्टेंबर १९४० रोजी जवळच्या मोंतिन्याक गावच्या पोरांना गुहा सापडली, १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ती बंद केली. ती आजही बंदच आहे. १९८३ पासून मूळ गुहेपासून दोनेकशे मीटरवर ‘लास्को २’ आहे आणि डिसेंबर २०१६ पासून टेकडीच्या पायथ्याशी ‘लास्को ४’. दोन्ही प्रतिकृती. चौथी तर खडकाचे उंचवटेसुद्धा हुबेहूब उतरवलेली, अतिशय मेहनतीची आहे. तिला नकली म्हणून नाक मुरडणं मला अजिबात पटत नाही. पण तिथल्या बैलावरचा रंग आपल्या काळातल्या माणसाने लावलेला आहे.

फों-द-गोमची गुहा तिथून गाडीने अर्ध्या तासावर, लेझेझी गावाला लागून. तिथली चित्रं मूळची, हिमयुगातल्या माणसाच्या हातची. दनी पेरोनी या शिक्षकाच्या ती नजरेस पडली १२ सप्टेंबर १९०१ रोजी. तारीख तीच, एकोणचाळीस वर्षं आधी.

मग एक बंद आणि दुसरी उघडी, असं का? लोक अडतात ते इथेच. ‘लास्को जास्त मौल्यवान म्हणून बंद’ हे उत्तर चूक आहे. लास्कोचं तोंड दरड कोसळून हजारो वर्षं बुजलेलं होतं आणि वरच्या चिकणमातीच्या थरातून पाणी झिरपत नव्हतं. म्हणून रंग ताजे राहिले, आणि म्हणूनच बाहेरची हवा त्या गुहेला सोसली नाही. रोज हजाराच्या वर माणसं आत जाऊ लागली; त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि दमटपणा यांनी भिंतींवर आधी हिरवं शेवाळ धरलं, मग चुन्याची पांढरी साय. फों-द-गोमचं तोंड उघडंच होतं. गावकरी आत जायचे, चित्रांवर आपली नावं कोरायचे. तिथल्या चित्रांनी जे सोसायचं ते आधीच सोसलं, रंग बरेच उडाले. उरलेलं टिकावं म्हणून आता रोज मोजक्याच लोकांना, लहान गटांत, आत सोडतात.

‘तिथे काही दिसतच नाही’ ही तक्रार मला खटकते. दिसतं, पण उभं राहून पाहावं लागतं. वाटाड्या बॅटरी आडवी धरतो. खडकाचा फुगवटा उजळतो आणि कळतं की तोच गव्याचा खांदा आहे, चित्रकाराने फक्त पाठीची रेघ ओढली. पुढे दोन रेनडिअर आहेत. एक गुडघे टेकून बसलेला, दुसरा मान वाकवून त्याचं कपाळ चाटतोय. रंग फिका झालाय, पण बारीक कोरलेली जीभ उजेड सरकला की दिसते.

फों-द-गोमच्या आत फोटो काढू देत नाहीत, आणि मूळ लास्को तर बंदच. तेव्हा प्रवाशाने स्वतः काढलेला लास्कोच्या बैलांचा फोटो दिसला, तर तो प्रतिकृतीचा. खाली तसं लिहावं, एवढीच विनंती.

वेळ एकाच गुहेपुरता असेल तर मी फों-द-गोम म्हणेन. दोन दिवस असतील तर आधी लास्को ४ करा. चित्रांची मांडणी आणि आकार तिथे नीट कळतात, आणि मग फों-द-गोमच्या फिकट रेघा डोळ्याला लवकर सापडतात. फों-द-गोमची जागा मात्र आधी आरक्षित करा आणि मुक्कामाच्या तारखा तिच्याभोवती बसवा. ती मिळाली नाही, तर रुफिन्याकच्या गुहेत जा. आत छोट्या विजेच्या रेल्वेतून नेतात, आणि तिथले मॅमथही मूळचे आहेत.